जपानचे थोरले अपत्य : अवाजी बेट

जपानच्या सर्वांत जुन्या उपलब्ध ग्रंथात देशाच्या जन्माची जी कथा आहे, तिचा आरंभ एका अपयशाने होतो. या ग्रंथाचे नाव ‘कोजिकी’, म्हणजे प्राचीन गोष्टींची नोंद. ओ नो यासुमारो या दरबारी विद्वानाने, हियेदा नो आरे या पाठकाच्या मुखातून जुन्या परंपरा ऐकून, सम्राज्ञी गेम्मेई हिच्या आज्ञेने तो इ. स. ७१२ मध्ये पुरा केला. पुढे आठच वर्षांनी, इ. स. ७२० मध्ये, ‘निहोन शोकी’ हा दुसरा आणि अधिक विस्तृत इतिहासग्रंथ सिद्ध झाला. आज ज्या बेटाविषयी मी बोलणार आहे, त्या अवाजीची हकीकत या दोन्ही ग्रंथांच्या अगदी पहिल्या पानांवर येते.

पृथ्वी अजून घट्ट झालेली नव्हती. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखी ती तरंगत होती. स्वर्गस्थ देवांनी इझानागी आणि इझानामी या जोडप्याला रत्नजडित भाला दिला आणि ही भूमी घडवून पक्की करा, असे सांगितले. दोघे स्वर्गाच्या तरंगत्या पुलावर उभे राहिले आणि भाला खाली सोडून त्यांनी समुद्र ढवळला. त्या ढवळण्याचा ‘कोवोरो, कोवोरो’ असा घुसळल्याचा आवाजही ग्रंथकाराने नोंदला आहे. भाला वर उचलताच त्याच्या टोकावरून खारे पाणी ठिबकले, साठले आणि गोठून त्याचे एक बेट झाले. ते ओनोगोरो, म्हणजे आपले आपण गोठलेले. आपल्याला येथे समुद्रमंथनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे ना मंदार पर्वत, ना वासुकी, ना देवदैत्यांची ओढाताण. दोघेच जण आहेत, एक भाला आहे, आणि अमृताच्या जागी मीठ आहे. हे मीठ ध्यानात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

त्या बेटावर उतरून दोघांनी एक स्तंभ उभारला आणि विवाहासाठी त्याला विरुद्ध बाजूंनी प्रदक्षिणा घातल्या. समोरासमोर येताच इझानामी आधी बोलली, ‘किती सुंदर पुरुष हा!’ अशा अर्थाचे काही. इझानागी मागाहून बोलला, आणि स्त्रीने प्रथम बोलणे बरे नव्हे अशी कुरकूरही त्याने केली. या संबंधातून जे मूल झाले, ते हिरुको, जळूसारखे मऊ आणि हाडे नसलेले बालक. आईबापांनी त्याला लव्हाळ्याच्या होडीत ठेवले आणि समुद्रात सोडून दिले. निहोन शोकी सांगते की, तीन वर्षांचे झाले तरी ते मूल पायावर उभे राहू शकले नाही. दुसरे अपत्य आवाशिमा. तेही अपत्यांत गणले गेले नाही. मग देवांनी शकुन पाहून कारण सांगितले : बाई आधी बोलली, म्हणून असे झाले. प्रदक्षिणा पुन्हा झाली, या वेळी पुरुष आधी बोलला, आणि धडधाकट भूमी जन्मास आली. त्या भूमीतले पहिले बेट अवाजी. त्यानंतर शिकोकू, ओकी, क्युशू, इकी, त्सुशिमा, सादो, आणि अखेरीस आज ज्याला होन्शू म्हणतात ते मोठे बेट, अशी एकूण आठ.

स्त्रीवर ठेवलेल्या या दोषारोपाकडे अभ्यासक संशयाने पाहतात. पुरुषाचे स्थान आधी आणि स्त्रीचे मागून, हा क्रम त्या काळी दरबारात रुजत असलेल्या चिनी विचाराशी फार चांगला जुळतो. मूळ कथेत तो किती होता आणि लेखणीच्या टोकाने किती आला, हे वेगळे काढणे कठीण आहे. मला मात्र या प्रसंगात खटकते ते दुसरेच. ते मूल होडीत घालून सोडले गेले, आणि ग्रंथकाराने त्याच्याकडे पुन्हा वळून पाहिले नाही. इझानामी पुढे अग्निदेवाला जन्म देताना मरण पावली, तिच्या मागे इझानागी पाताळापर्यंत गेला, त्याच्या स्नानातून सूर्यदेवी आमातेरासू प्रकटली. इतके सारे घडले, परंतु हिरुकोची होडी कोणत्या किनाऱ्याला लागली, याची वार्ता नाही. ती वार्ता ग्रंथाबाहेरच्या लोकांनी पुढे कित्येक शतकांनी दिली, आणि ती देण्यात अवाजीच्या माणसांचा वाटा मोठा आहे.

आधी हे बेट पाहू. होन्शू आणि शिकोकू यांच्यामध्ये, सेतो या अंतर्गत समुद्राच्या पूर्व तोंडाशी, ते एखाद्या पाचरीसारखे बसले आहे. क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस किलोमीटर. आज ते ह्योगो प्रांतात मोडते आणि त्यावर अवाजी, सुमोतो आणि मिनामी-अवाजी अशी तीन नगरे आहेत. नावाचा आपल्या ‘आवाजा’शी संबंध नाही, शिकोकूवरील आवा प्रांताकडे जाणारी वाट, तो अवाजी, अशी त्याची सरळ व्युत्पत्ती सांगतात. उत्तरेस आकाशीची सामुद्रधुनी, दक्षिणेस नारुतोची. नारुतोचे पात्र सुमारे १३०० मीटर रुंद. भरती-ओहोटीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत दीड मीटरपर्यंत अंतर पडते आणि पाणी गरगरत भोवरे घेते. काही भोवऱ्यांचा व्यास २० मीटरपर्यंत जातो. भाल्याने समुद्र ढवळण्याची कल्पना येथेच कोणाला तरी सुचली असावी, असे तेथील लोक अभिमानाने म्हणतात. ओनोगोरो आपलेच, असे सांगणारी ठिकाणेही एकाहून अधिक आहेत. दक्षिणेला नुशिमा नावाचे चिमुकले बेट आहे. त्याच्या किनाऱ्यावर समुद्रातून सुमारे ३० मीटर उंच एक सुळका वर आला आहे आणि तोच तो विवाहाचा स्तंभ, असे मानतात. उत्तरेला इवाया बंदराजवळचा एशिमा हा खडकही तोच मान सांगतो. देवांच्या भूगोलात असे वाद व्हायचेच.

परंतु खरा प्रश्न निराळा आहे. हे ग्रंथ लिहिले गेले यामातोच्या दरबारात, म्हणजे आजच्या नारा परिसरात, भर जमिनीवर. आपल्या देशाच्या जन्मकथेत त्या दरबाराने पहिला मान आपल्या भूमीला न देता समुद्रातल्या एका लहानशा बेटाला का द्यावा? अनेक अभ्यासकांचे उत्तर असे की, ही कथा मुळात दरबाराची नव्हेच. अवाजीच्या दर्यावर्दी लोकांची ती होती. जपानीत त्यांना ‘आमा’ म्हणतात : मासे मारणारे, सुसरीसारखे बुड्या घेणारे, होड्या हाकणारे आणि मीठ करणारे. समुद्राच्या पाण्याने भिजवलेले शेवाळ जाळून, ते खारे पाणी मातीच्या भांड्यांत आटवून मीठ करण्याची त्यांची रीत होती, आणि अवाजीच्या किनाऱ्यावर तशा भांड्यांच्या खापऱ्या जागोजाग सापडल्या आहेत. ढवळता ढवळता खारे पाणी घट्ट होणे आणि ठिबकून साठणे हे दृश्य ज्यांनी रोज चुलीवर पाहिले, त्यांनाच जग असे निर्माण झाले असेल हे सुचणार. मघाशी मीठ ध्यानात ठेवावे असे म्हटले, ते यासाठी. पुढे तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका याने संकलित केलेल्या शंभर कवींच्या प्रसिद्ध संग्रहात त्याची स्वतःची जी कविता आहे, तिच्यातही अवाजीच्या मात्सुहो किनाऱ्यावर संध्याकाळी जळणाऱ्या याच शेवाळाचा उल्लेख आहे.

दरबार आणि हे लोक यांचे नाते काय होते, हे कोजिकीतल्याच एका गोष्टीवरून कळते. सम्राट निन्तोकू याच्या काळी एक इतका उंच वृक्ष होता, की सकाळच्या उन्हात त्याची सावली अवाजीवर पडे. तो तोडून त्याची एक वेगवान नौका केली. तिचे नाव कारानो. सकाळ-संध्याकाळ ही नौका अवाजीच्या झऱ्याचे पाणी भरून सम्राटाच्या ताटापर्यंत नेई. नौका जुनी झाली तेव्हा तिच्या लाकडाच्या जळणावर मीठ केले, आणि जे लाकूड जळाले नाही त्याचे ‘कोतो’ हे तंतुवाद्य घडवले. त्याचा नाद सात गावांना ऐकू जाई, असे म्हणतात. पाणी, मीठ, मासळी, सारेच अवाजीहून. सम्राटाच्या अन्नाचा पुरवठा करणाऱ्या प्रदेशांत या बेटाची गणना होती.

या पुरवठ्याची किंमत कोण मोजत असे, तेही निहोन शोकीच्या लेखकाने, कदाचित नकळत, सांगून ठेवले आहे. सम्राट इंग्यो अवाजीवर शिकारीस आला. डोंगर हरणांनी आणि रानडुकरांनी भरलेला, परंतु दिवसभरात एकही सावज मिळेना. शकुन पाहता बेटाचा देव म्हणाला, आकाशीच्या समुद्रतळाशी एक मोती आहे, तो मला वाहा. पुष्कळ पाणबुडे उतरले, कोणालाच तळ लागला नाही. अखेर आवा प्रांतातला ओसाशी नावाचा एक पाणबुड्या कमरेला दोर बांधून खाली गेला. वर येऊन त्याने सांगितले की, तळाशी एक प्रचंड शिंपला आहे आणि तो चकाकतो आहे. तो पुन्हा उतरला, शिंपला कवटाळून वर आला, आणि पाण्यावर येताच त्याचा श्वास संपला. शिंपल्यात पीच फळाएवढा मोती निघाला. तो देवाला वाहिला, आणि मग शिकार भरपूर झाली. ग्रंथ म्हणतो की, त्या माणसाबद्दल सर्वांना हळहळ वाटली आणि त्याची समाधी बांधली. सम्राटाच्या एका दिवसाच्या शिकारीसाठी गेलेल्या माणसाचे नाव निदान लिहून ठेवले गेले, एवढेच समाधान.

पुराणकथा सोडून जमिनीत खणले तरी हे बेट आडबाजूचे होते असे दिसत नाही. २०१५ साली मिनामी-अवाजी येथे एका खडी-वाळूच्या कारखान्याच्या ढिगात काशाच्या प्राचीन घंटा मिळाल्या. एकूण सात, त्यांतल्या काही एकीच्या पोटात दुसरी अशा बसवलेल्या. जपानात अशा घंटा सुमारे ५०० सापडल्या आहेत, परंतु त्यांचे लोलक सहसा सोबत नसतात. येथे साती घंटांचे लोलक मिळाले, आणि काहींवर त्या टांगण्याच्या दोऱ्यांचे अवशेषही होते. चिकटलेल्या वनस्पतींच्या परीक्षणावरून त्या इ. स. पूर्व चौथ्या ते दुसऱ्या शतकाच्या सुमारास पुरल्या असाव्यात, असे ठरले. उत्तरेकडच्या डोंगरमाथ्यावर गोस्सा-काइतो या स्थळी २००७-०८ मध्ये उत्खनन झाले. तेथे २३ इमारतींच्या खुणा निघाल्या, आणि त्यांपैकी १२ लोहाराच्या कामशाळा होत्या. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढचा. त्या काळी जपानात लोखंड गाळले जात नव्हते. कच्चा माल कोरियाकडून समुद्रमार्गे येई. दगडी ऐरणीवर दगडी हातोड्याने ठोकून येथे बाणांची टोके आणि हत्यारे होत. डोंगरावर, समुद्रावर नजर ठेवून बसलेली ही लोहारांची वस्ती कोणाची? ग्रंथांत तिच्याविषयी एक अक्षर नाही.

सुगंधाची एक लहानशी हकीकत सांगून पुढे जातो. इ. स. ५९५ मध्ये अवाजीच्या किनाऱ्याला एक मोठा ओंडका वाहत आला. बेटावरच्या लोकांनी साधे सरपण समजून तो चुलीत घातला, तर धुराचा सुवास दूरवर पसरला. चकित होऊन त्यांनी तो दरबारी नजर केला. तो अगरूचा ओंडका होता. दक्षिणेकडच्या उष्ण देशांतून प्रवाहाबरोबर आलेला. जपानातील सुगंधी धूपाच्या इतिहासातली ही पहिली नोंद समजतात. आज जपानात जी उदबत्ती तयार होते, तिच्यातली बहुतेक, सुमारे ७० टक्के, याच बेटावर होते. मात्र हा धंदा त्या ओंडक्यापासून अखंड चालत आलेला नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या एइ गावात तो १८५० च्या सुमारास सुरू झाला. हिवाळ्यात तेथे सोसाट्याचे पश्चिमी वारे सुटतात, मासेमारी थांबते, रिकामे हात मिळतात, आणि ओल्या उदबत्त्या वाळवायला तोच वारा उपयोगी पडतो.

आता त्या होडीतल्या बालकाकडे येऊ. मध्ययुगात, आकाशीच्या सामुद्रधुनीपलीकडे निशिनोमिया येथे लोक असे सांगू लागले की, हिरुको बुडाला नाही. त्याची होडी आमच्या किनाऱ्याला लागली, आणि आमचा एबिसू देव तो हाच. एबिसू हा कोळ्यांचा आणि पुढे व्यापाऱ्यांचा देव : गोलमटोल हसरा चेहरा, एका हातात गळ, काखेत लाल रंगाचा ताई मासा. श्रोतेहो, जपानातील सात भाग्यदेवतांची मंडळी प्रसिद्ध आहे. त्यांतल्या तिघांचे मूळ आपल्याकडचे : वीणेऐवजी बिवा वाजवणारी बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, बिशामोन म्हणजे वैश्रवण कुबेर, आणि खांद्यावर पोतडी टाकलेला दाइकोकू म्हणजे चक्क महाकाल. बाकीचे बहुतेक चीनचे. या साऱ्या परदेशस्थ पाहुण्यांत अस्सल जपानी एकटा एबिसूच, आणि तोही आईबापांनी टाकलेला. त्याच्या अंगावर जुन्या कथेच्या खुणा राहिल्याच आहेत. तो पायाने अधू आहे असे मानतात. त्याला ऐकूही कमी येते. म्हणून ओसाकात त्याच्या जानेवारीतल्या जत्रेत भक्त देवळाच्या मागच्या भिंतीवर थापा मारून आपण आल्याची वर्दी देतात. जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात सगळे देव इझुमोला सभेसाठी जातात; एबिसू घरी राहतो, कारण बोलावणे त्याला ऐकूच येत नाही!

हा देव गावोगाव नेला तो बाहुलीवाल्यांनी. गळ्यात पेटी अडकवून, तिच्यावर एबिसूची बाहुली नाचवीत ते दारोदार फिरत आणि घराला, होडीला, शेताला आशीर्वाद देत. सतराव्या शतकातल्या त्यांच्या एका परंपरागत कथेत असे आहे : निशिनोमियाला दोकुंबो नावाचा पुजारी होता, समुद्रावरून आलेल्या त्या देवाला कसे प्रसन्न ठेवावे, हे त्याला साधले होते. तो वारला आणि देव कोपला. वादळे आली, मासळी नाहीशी झाली. तेव्हा ह्याकुदायू नावाच्या माणसाने दोकुंबोच्या चेहऱ्याची बाहुली केली, तिच्या आत हात घालून ती देवापुढे नाचवली, आणि समुद्र शांत झाला. पुढे ह्याकुदायू देशभर फिरत फिरत अवाजीच्या सांजो गावात आला, तेथे त्याने ही विद्या शिकवली आणि तेथेच देह ठेवला. सांजोत आजही त्यांचे एक लहानसे देऊळ आहे. इतिहास म्हणून हे सारे खरे मानण्याचे कारण नाही. परंतु ही कथा कोणी रचली, हे पाहावे. फिरते बाहुलीवाले समाजाच्या कडेला राहणारे. त्यांचा आशीर्वाद लोकांना हवा असे, त्यांची सोयरीक नको असे. अशा माणसांनी टाकून दिलेल्या मुलाला आपला देव मानले, यात नवल ते काय? कोजिकीने जे पान अर्धवट सोडले, ते त्यांनी पुरे केले.

अवाजीत ही कला दाराशी थांबली नाही. शामिसेन हे तीन तारांचे वाद्य आणि ‘जोरुरी’ हे कथागायन यांच्याशी बाहुली जोडली गेली आणि त्यांतून पूर्ण नाटक उभे राहिले. एका मोठ्या बाहुलीला तीन माणसे चालवतात : एक मस्तक आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या एका बेटावर चाळीसहून अधिक मंडळ्या होत्या. त्या नौकांवर सामान लादून दूरदूरच्या प्रांतांत खेळ करीत. खेळ उघड्यावर, मांडव घालून होत; म्हणून अवाजीच्या बाहुल्यांची मस्तके मोठी, मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही दिसावीत अशी. ओसाकातले जे शहरी, नाजूक बाहुलीनाट्य ‘बुनराकू’ म्हणून जगात गाजले, त्याचे नावही उएमुरा बुनराकुकेन या अवाजीहून ओसाकाला गेलेल्या माणसावरून पडले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना खेड्यातल्या कलावंताचे नाव शहरात कसे पुसट होते, हे सांगायला नको.

चित्रपट आला आणि मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. उरलेल्या कलावंतांना घेऊन १९६४ साली ‘अवाजी निंग्यो-झा’ ही मंडळी उभी राहिली; १९७६ मध्ये सरकारने या कलेला महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. बेटावरच्या शाळांतली मुले आज ती शिकतात.

या बेटाची भूमी अजून स्थिर झालेली नाही, हे १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे साऱ्या जगाला कळले. कोबे शहर उद्ध्वस्त करणाऱ्या त्या भूकंपाचे केंद्र अवाजीच्या उत्तर टोकाजवळ होते. एकूण ६,४३४ माणसे दगावली. नोजिमाचा भूभ्रंश फाटला आणि शेतांचे बांध, कुंपणे, ओढे मीटर-दोन मीटर बाजूला सरकले. त्या फाटलेल्या जमिनीचा १४० मीटरचा तुकडा छप्पर घालून जसाच्या तसा जपला आहे. आकाशीच्या सामुद्रधुनीवरच्या पुलाचे काम तेव्हा चालू होते. त्याचे दोन मनोरे भूकंपाने एकमेकांपासून जवळजवळ एक मीटर दूर गेले, आणि १९९८ मध्ये पूल खुला झाला तेव्हा त्याचा मधला गाळा १९९१ मीटर भरला. २०२२ पर्यंत जगात एवढा लांब गाळा दुसरा नव्हता.

नारुतोच्या भोवऱ्यांजवळ फुकुरा बंदर आहे. अवाजी निंग्यो-झाचे नाट्यगृह २०१२ पासून तेथे धक्क्यावरच उभे आहे. तेथे ‘एबिसूचे नृत्य’ अजूनही केले जाते. गळ खांद्यावर घेऊन एबिसू गावच्या पाटलाच्या घरी येतो, साके मागून घेतो, एका प्याल्यावर दुसरा घेत लोकांसाठी भरपूर मासळी आणि भरपूर पीक मागतो. चेहरा लाकडाचाच, तरी तो झिंगलेला दिसतो. मग डुलत डुलत होडीत चढतो, गळ टाकतो आणि अंगापेक्षा मोठा लाल ताई मासा ओढून काढतो. ‘मेदेताई’ म्हणजे मंगल, या शब्दावरचा हा श्लेष प्रेक्षकांतल्या लहान मुलांनाही कळतो आणि ती टाळ्या पिटतात. तीन माणसांच्या हातांवर तोललेली होडी हळूहळू हलू लागते, आणि हिरुको पुन्हा समुद्रावर निघतो. या वेळी हसत.